वजीरचं डावं शिंग

ऋतुजाला गावात कुणीही, केव्हाही, काहीही दाखवू शकत असे. पालीच्या फाट्यावर एस.टी.तून उतरून वस्तीवर पोचेपर्यंत दोन गुडघे, एखादी खांद्यावरची गाठ आणि कुणाच्या तरी सुनेचा खोकला एवढं तिच्या वाट्याला यायचंच. पीएच.डी. झाली तेव्हा नावामागे डॉक्टर लागलं. त्यात ती पुण्याला एका मोठ्या संस्थेत कॅन्सरवर काम करते, हे तिच्या थोरल्या चुलत्यांनी, बिभीषणआप्पांनी, धरणाच्या भिंतीपासून चौसाळ्याच्या बाजारापर्यंत सगळीकडे सांगून ठेवलं होतं. आपण सुई टोचणारी डॉक्टर नाही, आपण पेशी बघतो आणि त्याही काचेवर वाढवलेल्या, हे तिने सुरुवातीची दोन वर्षं समजावून पाहिलं. लोक शांतपणे ऐकून घेत आणि मग म्हणत, बरं, पण हे इथं दाबलं की दुखतं बघ.

या खेपेला मात्र ती खरोखरच एका रोग्यासाठी आली होती. तो आप्पांच्या गोठ्यात मान डावीकडे तिरपी करून उभा होता.

वजीर हा आप्पांचा खिल्लार बैल. वय नऊ, अंगाने उजळ, आणि शिंगं अशी की बाजारात अनोळखी माणसं थांबून बघत. शिमग्यापासून तो मान झटकायला लागला. मग डावं शिंग खांबावर घासायला लागला. आप्पांना आधी वाटलं माशी आहे, मग वाटलं आत किडे पडलेत. कडूबाईने, म्हणजे ऋतुजाच्या मोठ्याआईने, दोनदा दृष्ट काढली. शिंग मुळातून हलायला लागलं आणि वास सुटला तेव्हा कुठे शिवशंकर डॉक्टरांना बोलावणं गेलं. गुरांचे हे डॉक्टर बोलायला तुटक, पण हाताचे हलके. त्यांनी शिंग हलवून पाहिलं, नाकपुड्यांत बॅटरी मारून पाहिली, कपाळावर बोटं वाजवली आणि सांगितलं, शिंगाचा कॅन्सर आहे, आपल्याकडच्या बैलांना होतो. आप्पांना ते काही केल्या पटेना. कॅन्सर व्हायचा तर तंबाखू खाणाऱ्याला व्हावा. वजीरने कडब्याशिवाय काय खाल्लं होतं?

डॉक्टरांनी मग नीट समजावलं. बैलाचं शिंग आतून पोकळ असतं आणि ती पोकळी खाली कपाळाच्या पोकळीला मिळते, तिथून नाकाला. रोग अजून शिंगात आहे. शिंग मुळातून काढलं तर बैल वाचेल, एका शिंगावर आणखी चार-पाच वर्षं रान ओढेल. पण एकदा का डाव्या नाकपुडीतून रक्त आलं, की समजायचं रोग कपाळात उतरला. मग कापण्यात अर्थ नाही, मरायच्या आधी जनावराचे हाल तेवढे करायचे. शिंग दुसऱ्याच दिवशी काढायचं ठरलं.

ते काढू दिलं नाही ते ऋतुजाने.

झालं असं, की आप्पांचा फोन आला तेव्हा ती प्रयोगशाळेत होती, आणि फोन ठेवल्यावर सहज म्हणून तिने बैलाची हकीकत सत्यशीला मॅडमना सांगितली. मॅडम म्हणजे तिच्या प्रमुख. त्यांचा चहाचा कप हातातच राहिला. ऋतुजाची साडेतीन वर्षं एकाच प्रश्नात गेली होती. गाठ एका जागी बसून असते तोवर तिचं फारसं भय नसतं. भय असतं ती निघाली की. अस्तराच्या पेशींखाली एक पातळ पडदा असतो, आणि कॅन्सरची पेशी त्या पडद्यावर बारीक पाय रोवते, रस सोडून पडदा विरघळवते आणि त्या भोकातून पलीकडे अंग घालते. हे पाय नेमके केव्हा फुटतात, आता निघ असं पेशीला कोण सांगतं, हे ती शोधत होती. काचेवरच्या पेशींत तिला एक धागा सापडलाही होता. पण परदेशी नियतकालिकाने लेख परत पाठवला. काचेवर ठीक आहे, खऱ्या शरीरातल्या जित्या गाठीत दाखवा, असं त्यांचं म्हणणं. दवाखान्यातून तिच्याकडे येणारे तुकडे औषधात बुडवलेले, मेलेले असत. नेमणूक संपायला चार महिने उरले होते, आणि लेख छापून आल्याशिवाय पुढची दारं बंद होती.

आणि इथे आप्पांच्या गोठ्यात एक गाठ वरून खाली, शिंगातून कपाळाकडे, आपल्या पायाने चालत निघाली होती. मॅडमनी त्याच दिवशी संस्थेच्या समितीकडे परवानगीचा अर्ज करायला लावला. परवानगीशिवाय तुकड्याला हात लावता येत नव्हता. ऋतुजाने शिवशंकर डॉक्टरांना फोन करून फक्त आठ दिवस थांबा म्हणून विनवलं. डॉक्टर कुरकुरले, पण आप्पाच म्हणाले, आमची पोरगी सांगते तर थांबा. परवानगी यायला एकोणीस दिवस लागले. कागदावर एक वाक्य होतं, जनावराच्या स्वतःच्या उपचारासाठी शस्त्रक्रिया होत असेल तरच, तिच्यातून टाकून दिला जाणारा भाग घ्यावा. ऋतुजाला ते वाक्य पाठ झालं होतं.

ती आदल्या संध्याकाळी वस्तीवर आली. हे घर तिचंच. आईबाप ऊसतोडीला जायचे तेव्हा सहाव्या वर्षापासून दहावीपर्यंत दर साली सहा महिने ती इथेच असायची, आप्पांच्या मेंढरांत. शाळेची फी, सायकल, बारावीला बीडला खोली, यातलं काही आप्पांनी कधी बोलून दाखवलं नाही. कडूबाई दाखवायची, पण तीही प्रेमाने.

सकाळी तांबडं फुटताना ती गोठ्यात गेली आणि तिथे तिने ते पाहिलं.

गव्हाणीच्या फळीवर, डाव्या अंगाला, रुपयाएवढा लाल ठिपका होता. शेंबडात मिसळलेला, ओला. तिने बोट लावून पाहिलं. मग वजीरची नाकपुडी पाहिली, तर ती स्वच्छ होती.

जिभेला काटा लागला असेल, ती स्वतःला म्हणाली. हिरडी असेल. एका ठिपक्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे ती स्वतःच तर नव्या मुलींना शिकवायची. पण काय आहे ते तिला पुरतं कळलं होतं. आणि कळल्याबरोबर, तिला नको असताना, दुसरंही कळलं, की रोग कपाळात उतरला असेल तर शिंगाच्या मुळाशी जो तुकडा निघेल तो अगदी पडदा फोडतानाचा असेल. ज्याच्यासाठी तिने साडेतीन वर्षं घालवली, नेमका तोच. हा विचार आपल्या डोक्यात आला याची तिला किळस आली, पण आलेला विचार काही गेला नाही. तिने मूठभर कडबा घेतला, फळी पुसली आणि कडबा उकिरड्यात टाकला.

चूल पेटली, चहा झाला. कडूबाईने विचारलं, रात्री झोप नव्हती का, तोंड कावून उतरलंय. ऋतुजाने प्रवासाचं कारण सांगितलं. सांगावं का आप्पांना, हे तिचं ठरत नव्हतं. आप्पांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. गोठ्याच्या अंधारात त्यांना ठिपका दिसला नसणार, असं तिने धरलं. म्हणजे हे एकट्या तिलाच माहीत होतं, आणि ती बोलली नाही तर कुणालाच कळणार नव्हतं. मोबाईल वाजला. मॅडमचा निरोप होता, नमुना मिळताच कळव, सूक्ष्मदर्शक उद्या दिवसभर तुझ्यासाठी राखून ठेवलाय. तिने अंगठा वर केल्याचं चित्र पाठवलं आणि स्वतःवरच चिडून मोबाईल पालथा ठेवला.

दहाच्या सुमाराला शिवशंकर डॉक्टर मोटारसायकलवर आले. वस्तीवरचे चार गडी आधीच जमले होते. सुग्रीव नावाचा मेंढक्या त्यांचा पुढारी, कारण बैल पाडायचा म्हटला की त्याच्या हातात दोर लागायचाच. डॉक्टरांनी सामान पोत्यावर मांडलं. भुलीची सुई, कापूस, तांबडं औषध आणि शिंग कापायची तार, दोन्ही टोकांना मुठी असलेली. ऋतुजाने त्या तारेकडे एकदा पाहिलं आणि तुकडा ठेवायला आणलेल्या बर्फाच्या डब्याचं झाकण उगाचच पुन्हा बसवलं.

डॉक्टरांनी वजीरचं तोंड वर धरून बॅटरी मारली. तोंड नुकतंच धुतलेलं, ओलं होतं.

“नाकातून काही?” त्यांनी विचारलं.

“न्हाई,” आप्पा म्हणाले. “कायबी न्हाई.”

डॉक्टरांनी ऋतुजाकडे पाहिलं, शिकलेलं माणूस म्हणून. तिने मान हलवली. ती मान होकाराची होती की नकाराची, हे तिचं तिला सांगता आलं नसतं. डॉक्टरांनी ती आपल्या सोयीने घेतली. एकोणीस दिवस फार झाले, पण बघू, असं पुटपुटत त्यांनी गड्यांना खूण केली.

मातीत कडबा पसरला होता. पायांत दोर गुंतवून सुग्रीवने ओढला, आणि एवढं मोठं जनावर आधी गुडघ्यावर आलं आणि मग कुशीवर पडलं. धुरळा उडाला. वजीरने एकदा जोरात फुसकारा टाकला, मग डोळे फिरवत पडून राहिला. डॉक्टरांनी एक सुई गुंगीची दिली आणि एक डोळ्यामागे, भुलीची. भूल चढायला दहा मिनिटं लागतील, म्हणाले. ऋतुजाने त्या दहा मिनिटांत किती गोष्टी मनाशी मांडल्या. गाठ तर आहेच, शिंग तर कुजलंच आहे, कधी ना कधी गळणारच. या तुकड्यातून उद्या माणसांचे जीव वाचतील. एक बैल आणि माणसं. हिशोब बरोबर होता आणि ती तो पुन्हा पुन्हा मांडत होती.

आप्पा वजीरच्या डोक्याशी बसले. त्याची मान त्यांनी मांडीवर घेतली, घोंगडीचं टोक त्याच्या डोळ्यावर ओढलं आणि कानाशी तोंड नेलं. आप्पांची ही सवय जुनीच. मेंढी अडली, बैलाला नाल ठोकायची झाली, की ते त्या जनावराच्या कानात बोलत.

“भिऊ नगं,” ते म्हणाले. “आपली ऋतू हाय हितं. ती तुजं वंगाळ व्हऊ देनार न्हाई.”

डॉक्टरांनी तार उचलली.

“थांबा,” ऋतुजा म्हणाली. आवाज एवढा बारीक निघाला की तिला पुन्हा बोलावं लागलं. “डॉक्टर, थांबा. नाकातून रक्त आलंय. सकाळी गव्हाणीवर होतं.”

तार तशीच राहिली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग खाली बसून कापसाचा लांब बोळा वजीरच्या डाव्या नाकपुडीत खोलवर घातला. बाहेर काढला तेव्हा तो अर्धा लाल होता. त्यांनी तो आप्पांपुढे धरला.

“आप्पा, हे आजचं नाही. केव्हापासून येतंय?”

आप्पांनी बोळ्याकडे पाहिलंच नाही. ते बैलाचा कान कुरवाळत बसले होते.

“आठ दिस झालं,” ते म्हणाले. “मी पुसतो की रोज. उठल्या उठल्या.”

शिवशंकर डॉक्टर चिडले. आपण काय इथे खेळ मांडलाय का, असं बरंच काही बोलले, आणि ते बोलणं रास्तच होतं. सामान आवरलं, वेदना कमी व्हायचं इंजेक्शन दिलं, आणखी पाच दिवसांचं औषध लिहून दिलं आणि चहाला न थांबता निघून गेले. सुग्रीवने दोर सोडले. वजीर गुंगीत तासभर तसाच पडला होता, मग लटपटत उठून उभा राहिला. डावं शिंग त्याच्या कपाळावर होतं तसंच लोंबत होतं. गडी पांगले. एक एक माणूस जाताना ऋतुजाकडे बघत गेलं, पण आज कुणी गुडघा दाखवला नाही.

गोठ्यात आप्पा आणि ती, दोघंच राहिली. आप्पा दगडावर बसले होते. रागाने त्यांचं तोंड आवळलं होतं, आणि तो राग डॉक्टरांवर नव्हता.

“कावून बोललीस?” त्यांनी विचारलं.

“त्याचे हाल झाले असते, आप्पा.”

“बैल माजा हाय. त्याचं काय करायचं ते मी ठरवलं व्हतं. मला काय कळत न्हाई का? रगत बघितलं तवाच समजलं, हा काय आता ऱ्हात न्हाई. जायचाच हाय तर तुज्या कामाला तरी येऊ दे म्हनलं. जिता तुकडा पायजे म्हनली व्हतीस ना? डाक्टरला कळलं असतं तर त्यानं कापलं नसतं. म्हनून पुसलं. आन् तू येका शब्दात घालवलंस सगळं.”

ऋतुजा त्यांच्यासमोर खाली कडब्यावर बसली. एवढ्यावर गप्प राहिली असती तर ती त्यांच्या लेखी भली ठरली असती. बैलाची दया येऊन स्वतःचं नुकसान करून घेणारी पोर. तेच तिला सोसेना.

“मी पण पुसलं, आप्पा,” ती म्हणाली.

आप्पांनी मान वर केली.

“सकाळीच बघितलं होतं. तुम्हाला दिसत नाही असं वाटलं, म्हणून पुसून टाकलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गप्प बसले. मी घेणार होते तुकडा. आणि एकोणीस दिवस मीच थांबवलं. पहिल्या दिवशी कापलं असतं तर कदाचित वाचला असता.”

हे बोलताना तिला रडू आलं नाही, नुसती लाज वाटत होती. बाहेर मेंढरं ओरडत होती, कडूबाई कुणाला तरी पाणी दे म्हणत होती. ऋतुजा वाट बघत राहिली, की आता ते उठतील, निघून जा म्हणतील. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

“मंग घेतलं का न्हाईस?”

“तुम्ही त्याच्या कानात बोललात. मी असल्यावर त्याचं वाईट होणार नाही म्हणालात.”

आप्पांचा चेहरा एकदम उतरला. राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि वजीरकडे बघत राहिले.

“ते खोटं व्हतं,” ते म्हणाले. “चाळीस वर्सं जनावरं पाळली. कदी कुनाच्या कानात खोटं बोललो न्हाई. आज त्याच्याशी बोललो.”

ऋतुजाने तिथूनच मॅडमना फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं, फळी पुसल्याचंही. मॅडम म्हणाल्या, परत आलीस की बोलू. त्या सुरातून काही कळत नव्हतं. पुढे काय होणार, लेखाचं काय, नेमणुकीचं काय, याची काळजी होती तशीच छातीवर बसून होती. ती कमी झाली असं म्हटलं तर ते खोटं होईल.

दुपार कलली. वजीर दोन घोट पाणी प्यायला आणि त्याने कडबा नुसता हुंगला. आप्पा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. तिच्याकडे न वळता त्यांनी विचारलं, “किती दिस?”

असा प्रश्न तिला या गावात शंभरदा विचारला गेला होता, आणि दर वेळी तिचं एकच उत्तर असे, मी त्यातली डॉक्टर नाही. आज ते तोंडाशी आलं आणि तिने गिळलं.

“पंधरा,” ती म्हणाली. “फार तर वीस.”

“पोळ्याला न्हाई मंग.”

“नाही.”

आप्पांनी मान हलवली. मग त्यांनी कडूबाईला हाक मारली आणि वाटीत तूप अन् हळद आण म्हणाले. कडूबाई दारात येऊन म्हणाली, पोळ्याला अजून महिना हाय, आजच कशाला खांदेमळणी? मग तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे एक शब्द न विचारता आत गेली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, वर्षभर जू बसून घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीचं आवतन द्यायचं, ही सगळ्या मुलखाची रीत. ती भलत्या दिवशी केलेली ऋतुजाने जन्मात पाहिली नव्हती.

आप्पा उजव्या अंगाला उभे राहिले, डावं अंग त्यांनी तिला दिलं. शिंगाचा वास तिच्या नाकाशीच होता. खांद्यावरची कातडी जाड, खरखरीत लागत होती, आणि तुपाने हळूहळू मऊ पडत होती. वजीरने डोळे मिटले. आप्पांनी दर सालचे शब्द उचलले.

“आज आवतन घ्या, उद्या...”

तिथे ते अडकले. ऋतुजाने मान वर केली नाही. चोळता चोळता तिचा हात तेवढा थांबला. आप्पा वजीरच्या कानाशी वाकले आणि पहिल्यापासून म्हणाले.

“आज आवतन घ्या. आजच जेवाय या.”

आत कडूबाईने पुरणाची डाळ निवडायला घेतली होती. ऋतुजाने पुन्हा बोटं तुपात बुडवली आणि ती खांदा चोळत राहिली.